रंग मातीसारखा असला की भक्ष्य शत्रूला दिसतच नाही का?

नुसत्या रंगाने भागत नाही. आपल्याकडचा रातवा पक्षी पाहा. दिवसभर हा पाचोळ्यात जमिनीवरच बसतो, अंडीही घरट्याविना तिथेच घालतो. त्याच्या पिसांवर तपकिरी, करडे, काळे ठिपके आणि रेघा असतात. त्यामुळे पक्ष्याची कडाच तुटते. डोकं कुठे संपलं आणि पाला कुठे सुरू झाला ते कळत नाही. शिकारी नजर आधी आकार शोधते, आणि तोच इथे हरवतो. मोठे चमकदार डोळे घात करतील म्हणून तो ते किलकिले करून बसतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो हलत नाही. अगदी पाय पडायची वेळ आली की मगच उडतो, आणि मला तर हा संयम पिसांहून मोठा वाटतो.

टिटवीचं उलट. ती माणूस दिसताच ओरडत उठते, म्हणून लपायचं काम तिच्या ठिपकेदार अंड्यांना करावं लागतं. झांबियात जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांवर झालेल्या, 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हेच दिसलं: परिसराशी जास्त मिळतीजुळती घरटी जास्त वाचली.