तलवारबाजी, एस्ग्रिमा आणि आपलं चर्म

विचारणा अशी आहे: जुन्या हस्तलिखितांवरून मध्ययुगीन तलवार चालवायला शिकणारे गट युरोपात आहेत, त्यांच्यावर लेख लिहायचाय. त्यांच्या विद्येला 'तलवारबाजी' म्हटलं तर '-बाजी'मुळे हलकेपणा येतो का? आणि लाँगस्वोर्डला 'फिरंग' म्हणावं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ही चूक ऐकून कान किटलेत. म्हणू नये. फिरंग म्हणजे युरोपातून आलेलं सरळ पातं (किंवा त्या घाटाचं पातं) आणि त्याला बसवलेली इथली मूठ. हत्यार एका हाताचं. लाँगस्वोर्ड दोन हातांनी धरायची, वजन साधारण सव्वा ते दीड किलो. फिरंग्यांची म्हणून फिरंग, इतक्यावर शब्द ठरत नसतो.

'-बाजी' फारसी, अर्थ खेळ. आतषबाजी हलकी वाटत नाही, दगाबाजी वाटते, ती दग्यामुळे. खरी अडचण वेगळी आहे. भवानी देवी २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये फेन्सिंगचा जो खेळ खेळली, त्याला मराठीत 'तलवारबाजी' हे नाव बसलंय. हस्तलिखितं धुंडाळणाऱ्यांचं काम ते नव्हे. त्यांची गुरुपरंपरा तुटलेली आहे. हाताशी काय, तर योहानेस लीश्टनाउअर या जर्मन तलवारगुरूच्या नावावरच्या, मुद्दाम कोड्यात बांधलेल्या चौदाव्या शतकातल्या ओळी आणि त्यांवर नंतरच्यांनी लिहिलेल्या टीका, म्हणजे अर्थ उलगडणारी भाष्यं. ओळ वाचायची, जोडीदारापुढे उभं राहून करून बघायची, हात अडकला की पुन्हा टीकेकडे जायचं. याला 'तलवारविद्या' म्हणा.

पण युरोपीय भाषांनी स्वतः या विद्येला काय नाव दिलं, हे कोणी बघतच नाही! इंग्रजी 'फेन्स' म्हणजे 'डिफेन्स'चं डोकं उडवलेलं रूप. इटालियन 'स्केर्मा', फ्रेंच 'एस्क्रीम', स्पॅनिश-पोर्तुगीज 'एस्ग्रिमा' ही सगळी भावंडं जुन्या जर्मन 'स्किर्मन'ची. त्याचा अर्थ झाकणं, राखणं. मध्ययुगीन जर्मनीत तलवार शिकवणारा तो 'शिर्ममाइस्टर'. आज जर्मन माणूस पावसाच्या छत्रीला 'रेगेनशिर्म' म्हणतो. यातल्या एकाही शब्दात तलवार नाही. आपण लाठी, पट्टा, तलवार अशी हत्यारावरून नावं ठेवतो. त्यांनी बचावावरून ठेवली.

आता माझ्या सगळ्यात आवडीचा भाग. या 'स्किर्म'चा जुना अर्थ आच्छादन, ढाल. व्युत्पत्तिकार तो 'कापणे' अर्थाच्या 'स्केर' या भारोपीय (संस्कृत आणि बहुतेक युरोपीय भाषांच्या सामायिक मूळ भाषेतल्या) धातूकडे नेतात: कापून काढलेलं कातडं. त्याच धातूपाशी त्यांनी संस्कृत 'चर्मन्' ठेवलाय. म्हणजे माद्रिदचा 'एस्ग्रिमा' आणि आपला चांभार (चर्मकार) एकाच कुळातले! सावध मंडळी म्हणतात, धातू एक असला म्हणून अर्थाचा प्रवास सिद्ध होत नाही. मग त्यांनी संस्कृतच पाहावं. तिथे 'चर्म' म्हणजे कातडं, आणि 'चर्म' म्हणजे ढालसुद्धा. 'खड्गचर्मधर' म्हणजे ढाल-तलवार घेतलेला योद्धा. कातड्यापासून ढालीपर्यंतचा तोच प्रवास दोन भाषांनी केलेला डोळ्यांसमोर असताना आणखी कसला पुरावा हवा? माझं तर ठाम मत आहे की या विद्येचा उगम पात्यात शोधणं चूक आहे. तो कातड्यानं मढवलेल्या ढालीत शोधावा.

युरोपातली हाती असलेली सगळ्यात जुनी तलवारविद्येची पोथीही माझ्याच बाजूनं बोलते. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातली ही लॅटिन पोथी इंग्लंडमधल्या लीड्सच्या रॉयल आर्मरीज या शस्त्रसंग्रहालयात आहे, अभ्यासक तिला आय-तेहेतीस म्हणतात. तिच्यात एक पाद्री आपल्या शिष्याला शिकवतोय, शेवटी वाल्पुर्गिस नावाची बाईही हत्यार घेऊन उतरते. आणि सगळे लढतात ते तलवार आणि बकलर, म्हणजे मुठीत धरायची छोटी ढाल घेऊन. चित्रं नीट पाहा. बकलर लांब कुठेतरी धरलेली नाही, ती वारंवार तलवारीच्या मुठीला लागून आहे. वार करताना हात पुढे जातो, उघडा पडतो. बकलर त्याच्याबरोबर जाऊन तोच हात झाकते. ढाल इथे छातीपेक्षा मनगट राखते. लॅटिन मजकुरात मध्येच 'हाल्पशिल्ट', 'शिल्टस्लाक' हे जर्मन शब्द येतात: अर्धी ढाल, ढालीचा तडाखा. इतकी बारीक मांडणी समोर असताना तलवारविद्येचा इंग्रज इतिहासकार एगर्टन कॅसल १८८५ साली लिहितो की मध्ययुगातली लढाई म्हणजे अशिक्षित दांडगाई, खरं शास्त्र पुढे आलं. जुनी शस्त्रविद्या पुन्हा उभी करायचा पहिला घाट लंडनमध्ये त्यानं आणि आल्फ्रेड हटननं घातला, ते श्रेय त्याचंच. पण हे विधान साफ चुकीचं आहे आणि लोक आजही तेच घोकतात.

लेखात बकलरसाठी शब्द लागेलच. 'छोटी ढाल' चालेल. तिच्या मुठीसाठी मात्र अमरकोशात तयार शब्द आहे: ढालीला फलक, फल, चर्म, आणि तिच्या मुठीला 'संग्राह'. तो वापरा.