मे महिन्यात जुनी ओम्नी कॅम्पर आतून गार कशी ठेवायची?

मागे पलंग आणि छोटा ओटा बसवलेली जुनी ओम्नी, मे महिन्यात पुण्याहून ताडोबा, परतताना कोकण. गाडीला एसी नाही, तर छपरावर बॅटरीवरचा एसी बसवावा का, असं तुम्ही विचारलंय. बसवू नका. 100 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे जेमतेम सव्वा युनिट वीज. 500 वॅटचा लहानसा एसी धरला तरी अडीच तासांत खेळ खलास. पैसे छपरावरच घाला, पण सावलीसाठी.

मेमध्ये आपल्याकडे सूर्य खरोखर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस पुण्यात मेच्या मध्याला, नागपुरात शेवटच्या आठवड्यात. भर दुपारी दर चौरस मीटरला एक किलोवॅटच्या आसपास ऊन पडतं आणि ओम्नीचं छप्पर भरतं तीन-साडेतीन चौरस मीटर. तेव्हा खिडक्यांच्या पडद्यांआधी छपराकडे बघा. पांढरा रंग असेल तर उत्तम, नसेल तर निदान छप्पर तरी पांढरं करून घ्या. त्यावर कॅरिअर लावा आणि मुक्कामी कॅरिअरवर दाट शेडनेट किंवा पांढरी ताडपत्री ताणून बांधा. पत्रा आणि कापड यांच्यात चार बोटं तरी फट हवी, म्हणजे मधली गरम हवा वाहून जाते. आफ्रिकेतल्या जुन्या लँड रोव्हरना दुहेरी छप्पर असायचं ते याचसाठी. सोलर पॅनेल लावणार असाल तर तेही असंच उचलून लावा, वीज आणि सावली दोन्ही मिळेल. निघताना कापड मात्र आठवणीने काढा, वाऱ्याने चिंध्या होतात.

आतून चंदेरी फॉइल चिकटवून वर प्लायवूड ठोकायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. फॉइलला समोर हवेची फट मिळाली तरच ते उष्णता परतवतं. दोन्हीकडून दाबून टाकलं की ते फक्त महागडं ॲल्युमिनियम.

काचांचं आवरण बाहेरून लावा. ऊन एकदा काचेतून आत आलं की पडद्याला तापवणार आणि पडदा तुम्हाला. काळ्या फिल्मच्या भानगडीत पडू नका. पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के प्रकाश आत आलाच पाहिजे, असा नियम आहे. दुपारी गाडी लावताना तोंड पूर्वेला, पाठ पश्चिमेला ठेवा. मेच्या उतरत्या दुपारी सूर्य पश्चिमेपासून किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे उजवी बाजू सावलीत राहते. बसा-उठायचं दार तेच वापरा.

ओम्नीचं दुसरं दुखणं म्हणजे पुढच्या सीटखालचं इंजिन. झाकणाखालचा नमदा (उष्णता अडवणारा जाड थर) फाटलेला असतो, कडेचं रबर कडक झालेलं असतं आणि सगळी धग केबिनमध्ये येते. हे दोन्ही बदलायला फार खर्च नाही. त्याच वेळी कूलंट नवं भरा, रेडिएटरच्या जाळीतली माती-किडे पाण्याने धुऊन काढा आणि पंखा वेळेवर सुरू होतो का ते बघून घ्या. समृद्धीवर भर दुपारी चालवू नका. पहाटे चारला निघा आणि अकराच्या आत झाडाखाली लागा.

आता ताडोबा. तिथलं ऊन कोरडं, आणि तेच तुमच्या फायद्याचं. 44 अंश तापमान आणि 15 टक्के आर्द्रता असेल तर ओल्या कापडावरून येणारी हवा 23-24 अंशांपर्यंत उतरू शकते. व्यवहारात 28-30 धरा. एक लिटर पाणी उडून जाताना साधारण 0.67 युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जातं. म्हणजे तासाला लिटरभर पाणी पिणारा, 12 व्होल्टच्या पंख्याचा छोटा कूलर बॅटरीतून किरकोळ वीज घेऊन त्या एसीच्या निम्म्याच्या आसपास काम करतो. वाळ्याची ताटी लावलीत तर वासही मिळेल. फक्त काचा बंद करून कूलर चालवू नका. ओली हवा बाहेर जायला कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी चार बोटं उघडी हवी, नाहीतर तासाभरात आत नुसती घामट वाफ. पाण्याचे दोन कॅन जास्तीचे ठेवा, पिण्याच्या पाण्यापेक्षा वेगळे.

कोकणात हाच कूलर बिनकामाचा. 34 अंश आणि 70 टक्के आर्द्रतेत पाणी हवेला फार तर 29 पर्यंत नेणार, आणि वर अंथरूण दमट करणार. तिथे कूलर बांधून ठेवा. मागच्या बाजूला उंचावर हवा बाहेर फेकणारा पंखा, सावलीच्या बाजूची खालची खिडकी उघडी, तिला डासांची जाळी, आणि दुसरा छोटा पंखा थेट अंगावर. स्वयंपाक बाहेर. पंख्यासाठी छप्पर कापायचा विचार असेल तर आधी आरटीओत विचारा. मी मागच्या खिडकीच्या चौकटीत बसवलाय, कापाकापी लागली नाही.

आणि तारखा हलवता येत असतील तर किनाऱ्यावरच्या एक-दोन रात्री कमी करून आंबोलीत काढा. 700 मीटरच्या आसपासची उंची आहे, रात्री चार-पाच अंशांचा फरक पडतो.