बाथरूम स्वतः फोडायचं की कॉन्ट्रॅक्टरला द्यायचं?

तुमचा प्रश्न वाचला. बोरिवलीत चौथ्या मजल्यावर वन बीएचके, खालच्यांच्या छताला ओल उतरतेय, कॉन्ट्रॅक्टर 72,000 सांगतोय, म्हणून व्हिडिओ बघून आणि 11,000 ची हत्यारं घेऊन सहा रविवारांत स्वतःच करावं का. नका करू, हे काम तरी.

तुमच्या हिशोबात मजुरीचे 30,000 वाचतात, हत्यारं वजा जाता 19,000 हातात. पण बाथरूम एकच ना घरात? दीड महिना आंघोळीला कोणाकडे जाणार? आणि रविवारी ठोकाठोकीला बऱ्याच सोसायट्यांत बंदी असते, आधी सेक्रेटरीला विचारा. टाइल्स काय, सरावाने जमतील हो, पण पाणी अडतं ते खालच्या कोब्याने (सिमेंट-विटांच्या थराने) आणि वॉटरप्रूफिंगने, तिथे नहाणी ट्रॅपच्या (पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याच्या) कडेला जरा चुकलं की सगळं परत फोडायचं, आणि टॉयलेटची आतली गळती आदर्श उपविधीप्रमाणे (हाउसिंग सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) सदस्याच्याच माथी, म्हणजे सोसायटी हात वर करणार. 19,000 वाचवायला जाऊन, चुकलं तर वर 72,000 घालवायची रिस्क, मला नाही पटत.

मी एकदा गळका अँगल कॉक (भिंतीतल्या पाइपावरचा छोटा नळ) बदलायला गेलो, पाना जरा जास्तच पिळला, भिंतीतल्या पाइपाची चुडीच (आटेच) तुटली, रविवारची दुपार, पाणी बंद करायला गच्चीवर जायचं तर चावी घेऊन वॉचमन कुठेतरी गायब. बादल्या लावून बायकोचं ऐकत बसलो. शेवटी प्लंबरला 2,200 दिले, कॉक होता 350 चा.

तरी नळाचा वॉशर, स्पिंडल (आतला फिरता दांडा), फ्लश टँकचा फ्लोट एवढं जरूर शिका (मेन कॉक बंद करून, प्लीज). तुमच्याकडे वर्षाला पाच-सहा वेळा प्लंबर येतो, दर वेळी 400, तेवढं वाचेल आणि हत्यारं हजार-दीड हजारात होतील. गीझरच्या वायरिंगला मात्र हात नको.

72,000 कमी करायचे तर तीन कोटेशन घ्या, मजुरी आणि माल वेगळा लिहून मागा, नळ-फिटिंग लोहार चाळीच्या बाजारातून स्वतः आणा. पर्सनल लोन नको, 1.5 लाखाची एफडी आहे त्यातूनच काढा, ती मोडायची पेनल्टी लोनच्या व्याजापेक्षा स्वस्त पडेल. पैसे टप्प्याटप्प्याने द्या. टाइल्स बसवण्याआधी 48 तास पाणी भरून ठेवायला लावा, खालच्यांच्या घरी जाऊन छत स्वतः बघा, कोरडं असेल तरच पुढचा हप्ता.