विडी वळताना कंबर का धरते?

प्रश्न : आई पंचवीस वर्षं विड्या वळते, रोज हजारभर. दोन महिन्यांपासून सूप बाजूला ठेवून उठताना कंबर धरते, दोन मिनिटं सरळच होता येत नाही. एमआरआयमध्ये ‘चकती सरकली’ आलंय. कुणी महिनाभर झोपून राहा म्हणतं, कुणी पट्टा बांधा. काय करावं?
– एक वाचक, विडी घरकुल, सोलापूर

उत्तर : आधी एक सांगतो, आईंना झोपवून ठेवू नका. एक-दोन दिवसांपलीकडची विश्रांती स्नायू कमजोर करते आणि दुखणं लांबवते.

मांडी घालून सुपावर वाकलं की कंबरेची आतली कमान सपाट होते. मणक्यांमधल्या गादीसारख्या चकत्यांच्या (डिस्क) मागच्या बाजूवर ताण येतो, पाठीचे स्नायू तासन्‌तास ओढलेले राहतात. मोठ्यांच्या चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. हालचालीने दाब कमीजास्त झाला की तिचं पोषण नीट होतं. म्हणून आखडलेली कंबर चार पावलं चालल्यावर सैल होते.

एमआरआयच्या शब्दांनी घाबरू नका. कंबर कधीच न दुखलेल्या पन्नाशीच्या माणसांतही झिजलेल्या, फुगलेल्या चकत्या सर्रास दिसतात. दुखणं गुडघ्याखाली उतरतं का, पायाला मुंग्या येतात का, याला जास्त किंमत आहे. तसं असेल तर तो अहवाल घेऊन अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा.

आता बैठक. चादरीची घडी करून फक्त बुडाखाली घ्या, चार बोटं उंच. गुडघे कंबरेपेक्षा खाली आले की कमान आपोआप परत येते. घडी मांड्यांखालीही गेली तर उपयोग शून्य. पाठ भिंतीला, कंबरेच्या खळगीत टॉवेलची गुंडाळी, सुपाखाली घट्ट उशी, म्हणजे पान कापायला मान खाली घालावी लागत नाही.

दर पन्नास विड्यांनी उठायचं, हात कंबरेवर ठेवून पाच वेळा हळूच मागे झुकायचं. कळ पायात उतरली तर थांबायचं. मजुरी नगावर असते, मधे उठणं जिवावर येतं, हे आम्हाला ठाऊक आहे. पण हजार विड्यांमागे हे वीस मिनिटांचं काम आहे, आणि आमच्या मते औषधापेक्षा याचाच गुण जास्त येतो.

सकाळ-संध्याकाळ उताणं झोपून, गुडघे वाकवून कंबर उचला. पाच सेकंद धरा, दहा वेळा. दहा मिनिटं चालण्यापासून सुरुवात करून अर्ध्या तासावर जा. शेक पंधरा मिनिटं, पिशवीला कापड गुंडाळून. उठताना आधी कुशीवर वळा. पट्टा जड काम करताना थोडे दिवस चालेल, दिवसभर नको. वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका. रक्तदाब, मूत्रपिंडाचा त्रास किंवा अल्सर असेल तर मुळीच नाही.

लघवी अडली किंवा नकळत झाली, जांघांमधली जागा बधिर झाली, पाऊल उचलेना, तर त्याच दिवशी सिव्हिल गाठा. ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर मणक्याचा क्षयही तपासावा लागतो.

प्रश्न : यंत्रमागावर पाळीभर उभा असतो. संध्याकाळी कंबर भरून येते.
– एक कामगार, सोलापूर

उत्तर : मागाजवळ, फिरत्या भागांपासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर, एक वीट आडवी ठेवा. उभं राहायची वेळ आली की एक पाय तिच्यावर, दहा मिनिटांनी दुसरा. तळ झिजलेली चप्पल बदला. बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला जड रूळ, एकट्याने उचलू नका, आणि उचललेलं वजन घेऊन कंबरेतून वळू नका; पावलं टाकून अख्खं अंग फिरवा.