तीन गोळ्यांनीही बीपी उतरत नसेल तर रात्रीचा श्वास बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की बाबांचं वय 68 आहे, बीपीच्या तीन गोळ्या चालू असूनही वरचा आकडा 160 च्या खाली येत नाही, रात्री तीन-चारदा लघवीला उठतात आणि घोरता घोरता मधेच एकदम शांत होतात. गावातले डॉक्टर म्हणाले, वयोमानानुसार होतं असं. या घोरण्याचा हृदयाशी काही संबंध आहे का, असं तुम्ही विचारलंय. आहे, आणि चांगलाच आहे. मी डॉक्टर नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सहाय्यक होतो आणि निवृत्तीनंतर मलाच स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास मधे मधे थांबायचा आजार, निघाला. तेव्हापासून मशीन लावून झोपतो.

ती मधली शांतता सगळ्यात महत्त्वाची. घोरताना निदान थोडी हवा आत जात असते. शांत झाले की समजायचं, घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद झाली. छाती-पोट हलतं, पण हवा जात नाही. असं 10 सेकंद किंवा त्याहून जास्त चाललं की त्याला ॲप्निया म्हणतात. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकतो, माणूस गुदमरल्यासारखा मोठा श्वास घेतो आणि त्या क्षणी नाडी न् बीपी दोन्ही उसळतात. तासाला 30 वेळा किंवा त्याहून जास्त झालं तर आजार तीव्र धरतात. सकाळी पेशंटला यातलं काहीच आठवत नसतं.

निरोगी माणसाचं बीपी झोपेत दहा ते वीस टक्के खाली येतं. बाबांच्या हृदयाला ती उसंतच मिळत नसेल, तर दिवसा चौथी गोळी वाढवून किती फरक पडणार? पुढे ठोके अनियमित होणं, पक्षाघात, हृदय कमजोर पडणं, हे सगळं या आजारासोबत जास्त दिसतं. लघवीचंही तसंच. आपल्याकडे ते सरळ प्रोस्टेटवर ढकलतात. पण बंद वाटेविरुद्ध छाती ओढ घेते तेव्हा हृदयाचा वरचा कप्पा ताणला जातो, त्यातून एक हार्मोन सुटतं आणि मूत्रपिंडं जास्त लघवी तयार करतात. प्रोस्टेट तपासाच, पण तिथेच थांबू नका. पायांवर सूज असेल तर तेही सांगा, कारण दिवसभर पायात साचलेलं पाणी आडवं झाल्यावर मानेकडे सरकतं आणि घसा आणखी अरुंद होतो.

आपल्या भागात हा आजार लपतो, कारण ऐकायला कोणी नसतं. उन्हाळ्यात म्हातारी माणसं अंगणात बाजेवर झोपतात, घरातली मंडळी आत. पीक उभं असलं की रानडुकरांपायी जागलीला वावरात, मचाणावर एकटे. शिवाय ॲप्निया म्हणजे जाड्या माणसाचा आजार, असा समज आहे. लठ्ठपणा मोठं कारण आहेच, पण जबडा लहान किंवा मागे असलेल्या सडपातळ माणसालाही तो होतो.

म्हणून आधी एक करा. बाबा गाढ झोपले की मोबाईलवर पाच-दहा मिनिटांचा व्हिडिओ काढा, चेहरा आणि छाती दोन्ही दिसतील असा. मग नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात किंवा वर्ध्याजवळ सावंगीच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात श्वसनविकार विभागात दाखवा आणि स्लीप स्टडीबद्दल, म्हणजे झोपेतला श्वास आणि ऑक्सिजन मोजायच्या तपासणीबद्दल, विचारा. काही पेशंटची तपासणी घरी यंत्र देऊनही होते. सोबत ईसीजी काढून घ्या.

मशीनबद्दल खरं तेच सांगतो. सीपॅप मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवतं. 2016 साली एक मोठा अभ्यास आला. आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्या सुमारे 2,700 लोकांमध्ये मशीनने पुढचे झटके कमी झाले नाहीत. मात्र ते लोक रात्री सरासरी साडेतीन तासही मशीन लावत नव्हते. दिवसाची झोप आणि मनाची मरगळ मात्र त्यांचीही कमी झाली. बीपी थोडं उतरतं, गोळ्या सुटत नाहीत. मशीन घ्यायचं ठरलं तर इन्व्हर्टरची सोय आधी बघा, लाईट गेली की मास्क काढावा लागतो.

कुणाचं तरी जुनं मशीन स्वस्तात मिळतंय म्हणून आणून लावू नका, हे हात जोडून सांगतो. हृदय कमजोर असलेल्या काहींना दुसऱ्या प्रकारचा ॲप्निया असतो; त्यात घसा उघडाच असतो, मेंदूच श्वासाची सूचना पाठवत नाही. 2015 च्या एका अभ्यासात अशा पेशंटना एका विशिष्ट प्रकारच्या मशीनने हृदयविकाराचे मृत्यू वाढलेले दिसले. कोणता प्रकार आहे ते तपासणीतच कळतं.

तपासणी होईपर्यंत झोपेची गोळी मुळीच देऊ नका, तिने घसा आणखी सैल पडू शकतो. रात्रीची दारू असेल तर तीही बंद. कुशीवर झोपवा. बीपीच्या गोळ्या चालूच ठेवा. दिवसा डुलक्या येत असतील तर मोटारसायकल आणि ट्रॅक्टरची चावी तुमच्याकडे ठेवा. छातीत दुखलं, बोलताना जीभ अडखळली किंवा चक्कर येऊन पडले, तर व्हिडिओबिडिओच्या भानगडीत न पडता 108 ला फोन लावा.