जिभेखालची गोळी आणि त्या सकाळच्या दोन कॅप्सूल

प्रश्न : मी ३६ वर्षांचा, कळमना मार्केटातून माल भरून टेम्पो चालवतो. चार वर्षांपूर्वी कंबर धरली म्हणून ट्रॅमाडॉल या दुखणं थांबवणाऱ्या औषधाच्या कॅप्सूल घ्यायला लागलो, त्या रोज दहा-बारावर गेल्या. आता ती सवय सोडवायला डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोनची गोळी दिली. पहिल्या दिवशी तासाभरात उलट्या, थरथर, घामानं बनियान चिंब. आज सहावा दिवस. उलट्या थांबल्या, पण पोट साफ होत नाही, डोकं दुखतं, झोप येत नाही. बायको म्हणते, हे औषध नाही, विष आहे. खरं सांगतो मॅडम, त्या सकाळी भीतीपोटी दोन कॅप्सूल घेतल्या होत्या. डॉक्टरांना सांगितलं नाही. गोळी सोडून देऊ का?

उत्तर : भाऊ, सोडू नका. त्या दोन कॅप्सूलचं लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण पहिल्या दिवसाचा सगळा त्रास बहुधा त्यातूनच झाला.

पंगतीत पाटावर कुणी जेवायला बसलेलं असताना दुसऱ्यानं येऊन त्याला उठवावं आणि स्वतः बसावं, तसं ब्युप्रेनॉर्फिन मेंदूत करतं. त्याची पकड ट्रॅमाडॉलपेक्षा घट्ट, पण परिणाम अर्धवट. पाट ट्रॅमाडॉलनं भरलेले असताना ते आलं की शरीराला एकाएकी तूट जाणवते. म्हणून शेवटच्या कॅप्सूलनंतर साधारण १२ ते २४ तास थांबायला सांगतात. जांभया येतात, नाक गळतं, अंगावर काटा येतो, मग पहिली गोळी. वहिनींना हे वाचून दाखवा. त्यांची भीती खरी आहे, त्यांनी तुम्हाला त्या अवस्थेत पाहिलंय.

आताचे त्रास मात्र गोळीचे असू शकतात. डोकेदुखी, मळमळ बहुतेकांची एक-दोन आठवड्यांत उतरते. पोटाचं तसं नाही, ते आपोआप सुटायची वाट बघू नका. रात्री इसबगोल भरपूर पाण्यासोबत घ्या, जेवणात पपई, पालेभाजी असू द्या. टेम्पोचालक लघवीला थांबावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत, हे मी नेहमी ऐकते. नागपूरच्या उन्हात, त्यात या गोळीनं घाम येत असताना, ते चालणार नाही. तीन दिवसांत फरक नाही पडला तर डॉक्टरांकडून पोट साफ होण्याचं औषध मागून घ्या.

आणखी एक विचारते : गोळी ठेवताना तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा असतो का? असे रुग्ण मी पाहिलेत. आधी खर्रा थुंका, चूळ भरा, मग गोळी. ती चावायची नाही, गिळायची नाही. पूर्ण विरघळेपर्यंत पाच-दहा मिनिटं बोलणंही नको. गिळली तर तिचा फारसा उपयोग होत नाही. विरघळल्यावर पाण्यानं तोंड खळखळून घ्या, दात मात्र तासाभरानं घासा. ही गोळी दातांना त्रास देऊ शकते.

झोपेसाठी दुपारी चारनंतरचा चहा बंद करा. गोळीची वेळ किंवा मात्रा बदलायची का, ते डॉक्टर ठरवतील. मेडिकलमधून अल्प्राझोलमसारखी झोपेची गोळी आणून घेऊ नका, दारूही नको. या गोळीसोबत श्वास मंदावतो, माणूस दगावतो. मात्रा बसेपर्यंत टेम्पो दुसऱ्याच्या हाती द्या. रोजी बुडते हे मला कळतं, तरीही.

सोडू नका म्हणते त्याचं मोठं कारण हे : गोळी मध्येच थांबवली की कॅप्सूलची ओढ परत येते, आणि शरीराची जुनी सवय तोवर मोडलेली असते. जे दहा-बारा कालपर्यंत पचत होते, तेच उद्या जिवावर बेततात.

उद्याच डॉक्टरांकडे जा, वहिनींना सोबत न्या आणि त्या दोन कॅप्सूलचं आधी सांगा. ते रागावतील असं वाटत असेल तर ही चिठ्ठीच दाखवा. अधेमधे कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४४६ या नशामुक्ती हेल्पलाइनवर फोन करा, पैसे लागत नाहीत. घरात लहान मूल असेल तर गोळ्या कुलपात ठेवा. मोठ्यांची एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते.