पेन्सिलीतली वीज

प्रश्न : काका, अधातू वीज आणि उष्णता नेत नाहीत, फक्त ग्रॅफाइट अपवाद, असं पुस्तकात आहे. मी शिसपेन्सिलीला दोन्हीकडून टोक काढून दोन सेल आणि टॉर्चचा बल्ब जोडला. पेटलाच नाही! चुकलं कोण? आणि वीज न नेणारं उष्णताही नेत नाही, असंच धरायचं का?
– नववीतली विद्यार्थिनी, केज (जि. बीड)

उत्तर : करून पाहिलंस हे बेस केलंस, माय. तू चुकली नाहीस, विजेबाबत पुस्तकही नाही. पेन्सिलीचं 'शिसं' म्हणजे ग्रॅफाइट आणि चिकणमाती. नेहमीच्या एचबी (HB) पेन्सिलीत माती बरीच, म्हणून विजेची वाट अडते. चारबी किंवा सहाबी (4B, 6B) पेन्सिल घे, तिच्यात ग्रॅफाइट जास्त; लांबीनं अर्धी चीर आणि एक तार शिशावरून दुसरीकडे सरकवत ने. तारा जवळ आल्या की बल्ब उजळत जाईल. नाहीच उजळला तर एलईडी लाव, त्याला प्रवाह थोडा पुरतो.

ग्रॅफाइटमध्ये कार्बनचा प्रत्येक अणू तिघांशी बांधलेला असतो. चौथा इलेक्ट्रॉन थरात मोकळा फिरतो, तोच वीज नेतो. अंबाजोगाईत तीस वर्षं विजेच्या मोटारी भरतोय (तारा गुंडाळतोय), त्यातली निम्मी कमाई या कार्बनची. मिक्सरचे ब्रश त्याचेच. झिजून त्यांची काळी भुकटी आत साचते, मग बाई येतात, "भांड्याला हात लावला की झिणझिण्या येतात!" भुकटी साफ केली की बहुतेकदा झिणझिण्या थांबतात. अधातू वीज नेतो याचा यापेक्षा रोकडा पुरावा मला ठाऊक नाही.

उष्णतेचं मात्र तसं धरू नको. हिराही कार्बनच, पण त्याचे चारही इलेक्ट्रॉन बांधलेले. वीज जवळपास शून्य. उष्णता मात्र तांब्याच्या साधारण पाचपट वेगानं नेतो! तिथं उष्णता इलेक्ट्रॉन नेत नाहीत, घट्ट बांधलेल्या अणूंची थरथर एकाकडून दुसऱ्याकडे जाते. हायड्रोजनही वीज नेत नाही, पण उष्णता हवेच्या सातपट नेतो. म्हणून औष्णिक वीज केंद्रांतली मोठी जनित्रं त्यानं थंड ठेवतात.

गंधक मात्र दोन्हीकडून आळशी. पिकावरच्या भुरी रोगावर मारतात ती भुकटी नको, किराणा दुकानातला कांडीचा तुकडा आण. मुठीत धरून कानाशी ने. कुटकुट ऐकू येईल. हाताची ऊब आत पोचत नाही, बाहेरचा भाग फुगतो आणि आतला तसाच राहतो, म्हणून तडे जातात. नंतर हात धू.

आणि पेन्सिल सेललाच जोड, भिंतीतल्या बोर्डात घालू नको. आमच्या गल्लीतल्या एका पोरानं घातली होती. पोरगं वाचलं, पण बोर्ड अजून काळाच आहे.